एकवीस दिवसांची नोटीस

"बोर्डावर कुठे लिहिलंय?" बाबांनी विचारलं.

अच्युतजींनी पोह्यांची प्लेट काउंटरवर ठेवली आणि मागे वळून बोर्डाकडे पाहिलं. लॉज त्यांचंच होतं, पण तो बोर्ड त्यांनी इतक्या लक्षपूर्वक पहिल्यांदाच वाचला असावा. काळ्या पत्र्यावर पांढरा ऑइलपेंट. सिंगल चाळीस रुपये, डबल साठ रुपये, गरम पाण्याचे तीन रुपये वेगळे.

"तात्याराव, तुम्ही पण काय बोलून राहिले," ते म्हणाले. "आज अनंत चौदस आहे. पूर्ण इंदूर जेल रोडवर उतरेल. समोरच्या तीन खोल्या दोनशेच्या खाली द्यायच्या नाहीत. बोर्ड तर रोजचा आहे."

"मग आजचा वेगळा लावा."

"आत्ता? दहा वाजून गेले भिया."

"म्हणूनच म्हणतो, आता नाही होत. रेट बदलायचा तर एकवीस दिवस आधी नोटीस लावावी लागते."

मी बाबांचा डबा घेऊन जिन्याजवळ उभी होते. काउंटरसमोर खोलीसाठी थांबलेले तिघे-चौघे होते. त्यांतल्या सनावदहून आलेल्या एका म्हाताऱ्याने पिशवी खाली ठेवली आणि विचारलं, "ऐसा कानून है क्या, बाबूजी?"

"है," बाबा म्हणाले. आवाज चढवला नाही, मान वर केली नाही. रजिस्टरच्या पानावर पट्टी ठेवून ते रकाने आखत होते.

अच्युतजींनी बाबांकडे पाहिलं, मग त्या माणसांकडे, मग पुन्हा बोर्डाकडे. प्लेट उचलून एक घास खाल्ला. "ठीक आहे," ते म्हणाले. "ह्या साली साठ. लेकिन हा कायदा कुठला आहे ते मला पण बघावं लागेल."

असा कायदा नव्हता. पण ते कळायला एक वर्ष जायचं होतं, आणि त्या वर्षभरात बाबा थोडे ताठ चालायला लागले होते.

लॉजच्या काउंटरवर बसण्याआधी बाबा मिलच्या टाइम ऑफिसात कारकून होते. हजेरी, पाळ्या, रजा ही कामं तिथे आणखी दोघं करत. नोटीस मात्र तात्याराव सोनोन्यांनीच लिहायची, असा सव्वीस वर्षांचा रिवाज होता. टाइप केलेला कागद मोठ्या बोर्डावर कोणी वाचत नाही, म्हणून मॅनेजरसाहेब मजकूर देत आणि बाबा तो बोटभर उंचीच्या अक्षरांत उतरवून काढत. रेषेला लटकलेली, एका मापाची, गोल अक्षरं. वाचता न येणारी माणसंसुद्धा बोर्डासमोर उभी राहून म्हणत, तात्याने लिहिलंय.

आमचे आजोबा फौजेत होते, महूहून पेन्शनीत निघाले. तोंडी हुकूम देणारा साहेब उद्या फिरतो, लिहून दिलेला हुकूम फिरत नाही, असं ते सांगत. घरात बुद्धाच्या शेजारी बाबासाहेबांची तसबीर होती, हातात पुस्तक असलेली. आमच्यासारख्या माणसांना जे काही मिळालं ते कोणीतरी लिहून ठेवलं म्हणून मिळालं, हे बाबांनी आम्हाला शिकवलं नाही. ते घरातच होतं. मिलमध्ये पाळी बदलायची असो की कापडामागे मजुरीचा दर, एकवीस दिवस आधी नोटीस लागायची. बाबांच्या मनात तो सगळ्या जगाचा नियम होता.

ब्याण्णव साली मिल बंद झाली, तेव्हा बंदची नोटीसही बाबांनीच लिहिली. चार तास लागले. मग ब्रश धुऊन ते बोर्डाशेजारी उभे राहिले आणि ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना संध्याकाळपर्यंत ती वाचून दाखवली. गर्दीत त्यांचे मित्र चिंतामणकाका होते, विव्हिंग खात्यातले फिटर. त्यांना वाचता येत होतं, तरी त्यांनी विचारलं, "तात्या, दिवस मोजलेस का? एकवीस आहेत ना?"

"जास्तच आहेत," बाबा म्हणाले.

"मग कायदेशीर आहे," चिंतामणकाका म्हणाले आणि सायकल काढून घरी गेले.

ही गोष्ट बाबांनी आयुष्यात एकदाच सांगितली, आईला. मी आतल्या खोलीत अभ्यास करत होते.

मिल बंद झाली तरी अनंत चतुर्दशीच्या झांक्या बंद झाल्या नाहीत. मोठ्या गाड्यांवर उभे केलेले हलते देखावे, हजारो दिव्यांचे. पूर्वी त्यांचा खर्च मिलच्या खात्यातून निघायचा. आता कामगार वर्गणी काढत, राजवाड्याच्या व्यापाऱ्यांकडे हात पसरत आणि महिनाभर बंद मिलच्या आवारात खपून झांकी उभी करत. आम्ही बौद्ध. बाबा गणपतीसमोर हात जोडत नसत, पण झांकीच्या पाट्या रंगवायला दरवर्षी जात. "गणपती तुमचा, पाटी माझी," असं ते चिंतामणकाकांना म्हणायचे. काकांचं काम हत्तीचं. मागाच्या जुन्या सुट्या भागांतून त्यांनी एक हत्ती केला होता, जो सोंड उचलून माळ घालायचा. झांकीचा विषय दरवर्षी बदले, हत्ती तोच राहायचा.

मिल बंद झाल्यावर काका बुऱ्हाणपूरला पॉवरलूमवर लागले. बत्तीस वर्षं कापसाची धूळ खाल्लेली छाती तिथे आणखी बसली. पण चौदसीला ते सरलाकाकूंना घेऊन यायचेच. गर्दीत उभं राहण्याइतका श्वास उरला नव्हता, म्हणून त्यांना बाल्कनी लागायची. आमच्या दोन खोल्या जुनी इंदूर भागात, गल्लीच्या आत, जिथून झांकीचा आवाजही येत नाही. बाबांच्या लॉजची सात नंबरची खोली बरोबर जेल रोडवर उघडते.

बाबांनी बोर्डाच्या जोरावर अच्युतजींना अडवलं, त्या चौऱ्याण्णव सालच्या चौदसीलाही काका सात नंबरमध्येच होते. साठ रुपयांत. दिवे लागल्यावर आमच्या मिलची झांकी आली आणि नेमकी लॉजसमोर हत्तीची सोंड अर्ध्यावर अडकली. खालची पोरं बांबूने ढोसायला लागली. काकांनी खुर्चीवरून उठून दोन बोटं तोंडात घातली आणि शिट्टी मारली. खाली कोणीतरी वर पाहिलं. काकांनी आपल्या डाव्या गुडघ्यावर थाप मारून दाखवली. खालच्याने पाइपाने हत्तीच्या डाव्या गुडघ्यावर एक ठोका दिला आणि सोंड सरळ वर गेली. रस्त्यावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"बघितलंस तात्या? गुडघ्यात जान आहे त्याच्या," काका धापत म्हणाले.

"तुझ्यात नाही राहिली, बस आता खाली," बाबा म्हणाले आणि हसले. मिल बंद झाल्यापासून मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

पुढच्या वर्षी, पंधरा ऑगस्टचा झेंडा अजून लॉजच्या दारावर होता, तेव्हा अच्युतजी एक दिवस ब्रश आणि पेंटचा डबा घेऊन आले. मी कॉलेज सुटल्यावर तिथे थांबले होते.

अच्युतजी वाईट माणूस नव्हते. सत्तेचाळीस वर्षांच्या मिल कारकुनाला शहरात कोणी दारात उभं करत नव्हतं, तेव्हा त्यांनी बाबांना काउंटरवर बसवलं. स्टेशनच्या बाजूला एसीची हॉटेलं उठत होती, गिऱ्हाईक तिकडे सरकत होतं, आणि हे लॉज वर्षातून चार दिवस खरं चालायचं.

"तात्याराव, वकीलसाहेबांना विचारलं," ते स्टूल ओढून बसत म्हणाले. "हसले ना ते. म्हणे, लॉजच्या भावाला सरकारचं काही बंधन नाही. चौदसला दोनशे करा, पाचशे करा, तुमची मर्जी. फक्त लिहिलेलं पाहिजे, आणि जे लिहिलं ते सगळ्यांना सारखं. एकवीस दिवस वगैरे मजुरांच्या कायद्यात आहे म्हणाले. गिऱ्हाईकांच्या नाही."

बाबांनी पट्टी रजिस्टरावर सरळ ठेवली.

"लेकिन तुमचं मन मोडायचं नाही मला. आज मोजले मी. चौदसला बावीस दिवस आहेत. तुमच्या कायद्यापेक्षा एक दिवस एक्स्ट्रा." त्यांनी डबा पुढे सरकवला. "लिहा."

"किती लिहू?"

"समोरच्या अडीचशे. मागच्या दीडशे."

बाबांनी खिशातून चष्मा काढला, पुसला, घातला. मी पत्रा धरून उभी राहिले. त्यांनी नेहमीसारखी आधी खडूने रेघ मारली, मग तिला अक्षरं टांगली. अडीचशेतला अ लिहायला त्यांना वेळ लागला. बोर्ड फार देखणा झाला. अच्युतजी लांब जाऊन पाहून आले आणि म्हणाले, "अहाहा. असं वाटतं अडीचशे कमी लिहिले."

त्या रविवारी बाबा युनियनच्या जुन्या वकिलांकडे जाऊन आले. आल्यावर पाणी मागितलं आणि जेवण नको म्हणाले. मी नंतर, शिक्षिका झाल्यावर, या गोष्टीचा माझ्यापुरता शोध घेतला. इंग्रजांच्या काळातला सरायांचा एक कायदा आहे. त्यात दरांचा तक्ता लावा असं आहे. दर किती हवा, हे त्यात नाही. किती दिवस आधी लावावा, हेही नाही. अच्युतजींचे वकीलसाहेब बरोबर होते. बाबांना हे एका रविवारात कळलं. पण त्याआधी वर्षभर त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्याला एकवीस दिवस सांगितले होते, आणि माणसं मान डोलावून गेली होती.

त्या बोर्डामुळे एक गोष्ट अशी झाली, जी अच्युतजींच्याही लक्षात आली नव्हती. आजवर चौदसीचा भाव सकाळी मालकाच्या तोंडून निघायचा, म्हणून आधी खोली कोणी धरतच नसे. आता भाव भिंतीवर होता. तिसऱ्या दिवसापासून लोक आगाऊ पैसे घेऊन यायला लागले.

एका दुपारी बाबा म्हणाले, "प्राची, अर्धा तास बस इथे. पोस्टात जाऊन येतो. कोणी आलं तर रजिस्टरात लिहून घे. लिहिल्याशिवाय हो म्हणू नकोस."

ते गेल्यावर एक कापडवाले गृहस्थ आले. रतलामहून सासरची माणसं येणार होती, समोरची खोली हवी होती. मी रजिस्टर उघडलं. पाच आणि सहा नंबरपुढे नावं होती. सातपुढे कोरं होतं. मी पट्टी ठेवली, नाव लिहिलं, आगाऊ रक्कम लिहिली, त्यांची सही घेतली. मला बरं वाटलं होतं. बाबांच्या अक्षराखाली माझं अक्षर वेगळं कळत नव्हतं.

बाबा परत आले. पान पाहिलं. बराच वेळ पाहत राहिले.

"चुकलं काही?" मी विचारलं.

"नाही. अक्षर बरं आलंय," ते म्हणाले आणि पट्टी खणात ठेवली.

त्यानंतरच्या दोन आठवड्यांत ते तीनदा सीतलामाता बाजारात त्या कापडवाल्यांच्या दुकानात गेले, हे मला आईने सांगितलं. कशाला, ते तिलाही माहीत नव्हतं.

चौदसीच्या दुपारी तीन वाजता चिंतामणकाका आले. लॉजच्या पाच पायऱ्या चढायला त्यांनी दोनदा थांबा घेतला. गळ्याची घाटी वर-खाली होत होती. सरलाकाकूंच्या हातात पिशवी आणि पितळी फिरकीचा तांब्या.

"तात्या," काका म्हणाले. पुढचं बोलायला श्वास जमवावा लागला. "पत्र मिळालं तुझं. सात नंबर पक्का, लिहिलंस. हिला म्हटलं, चल, ह्या साली बघून घेतो हत्ती. पुढचं कोणी सांगितलं."

"असं अभद्र बोलतात बघा, भावजी," सरलाकाकू म्हणाल्या.

मग काकांची नजर बोर्डावर गेली. त्यांनी तो पूर्ण वाचला, वरपासून खालपर्यंत. मी त्यांचे ओठ हलताना पाहिले.

"अडीचशे," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "अक्षर काय आलंय तात्या. मिलच्या बोर्डावर पण असं नव्हतं आलं."

"तू बस. पाणी घे," बाबा म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते जिना चढून वर गेले. बाबांना जिना इतक्या घाईने चढताना मी कधी पाहिलं नव्हतं.

मी काकांना पाणी दिलं. अच्युतजी गल्ल्यावर होते. ते हळूच माझ्याजवळ आले.

"हे काय झालं ग बेटा? सात नंबर तर तात्यारावांनी मला मागितला होता, बोर्ड लिहिला त्याच दिवशी. म्हणाले बोर्डाचा रेट पगारातून कापा. मी म्हटलं, अरे तुम्ही मोकळं सांगा, तुमचे दोस्त आहेत. नाही म्हणे, सगळ्यांना सारखं. मग ते बुकिंग कोणी लिहिलं?"

मी रजिस्टर मिटलं. काउंटरमागची बाबांची लाकडी खुर्ची उचलली आणि जिना चढले. ती कशासाठी उचलली ते मला नीट कळलंही नव्हतं.

सात नंबरचं दार उघडं होतं. आत दहा-बारा माणसं, फराळाचे डबे, बाल्कनीत अंथरलेली सतरंजी. बाबा उंबऱ्याच्या बाहेर उभे होते, हात पुढे एकमेकांवर ठेवून, मॅनेजरसमोर उभे राहत तसे.

"एक कुर्सी रखने दीजिए, साहब. कोने में. एक आदमी बैठेगा. बीमार है. कुछ नहीं बोलेगा. उसका हाथी निकल गया कि नीचे ले जाऊँगा."

"भाईसाहब, आप तीन बार दुकान पे आए, मैंने तब भी बोला," ते गृहस्थ म्हणाले. त्यांचा स्वर उद्धट नव्हता. "हम खुद तेरह जने हैं. बोर्ड पे जो लिखा था, वो दिया. एक रुपया कम नहीं किया. मैं गलत बोल रहा हूँ?"

बाबांनी मागे वळून माझ्या हातातली खुर्ची पाहिली.

"नहीं," ते म्हणाले. "सही है."

पाच नंबरचं दार वाजवलं. मग सहा. तिथेही तेच शब्द, तसेच हात. सहा नंबरमधल्या बाई म्हणाल्या, "आज के दिन तो सबका कोई न कोई बीमार निकल आता है." आतली दोघं-तिघं हसली. आमचे बाबा उधार मागायलाही कोणाच्या दारात गेले नव्हते. मी खुर्ची जमिनीवर ठेवली नाही. हात दुखत होते, तरी ठेवली नाही.

आम्ही खाली आलो तेव्हा बाकडं रिकामं होतं. पेला अर्धा भरलेला.

"गेले," अच्युतजी म्हणाले. "मी म्हटलं थांबा. वहिनी म्हणाल्या, भावजींना सांगा आम्ही खालीच उभे राहतो, त्यांना त्रास नको. तात्याराव, मी खरंच म्हटलं थांबा."

बाबा तसेच बाहेर पडले. मी मागे. जेल रोडवर बांबूचे अडसर लागले होते, दोन्ही बाजूंनी माणसं रांगा धरून बसली होती. बाबा प्रत्येक ओट्यावर बघत होते, दुकानांच्या पायऱ्यांवर, हातगाड्यांच्या मागे. आम्ही कृष्णपुऱ्याच्या पुलापर्यंत गेलो, समाधीच्या छत्र्यांच्या आवारात पाहिलं, तिथून राजवाडा. ऊन उतरलं. ढोल सुरू झाले. मग बाबांनी हाक मारायला सुरुवात केली.

"चिंतामण."

त्यांचा आवाज हाक मारायचा नव्हता. "चिंतामण." चौदसीच्या दिवशी ते नाव ऐकून पुढच्या टोळक्याने हात वर करून "मोरया" म्हटलं. बाबांनी पुन्हा हाक मारली, पुन्हा दहा गळ्यांतून मोरया आलं. गुलाल उडाला. जन्मात ज्यांनी मूर्तीपुढे मान वाकवली नाही ते माझे बाबा, चष्म्यावर गुलाल, एका पायातली चप्पल गेलेली, राजवाड्यासमोर त्या देवाचं नाव घेऊन ओरडत होते. मी त्यांचा सदरा मागून धरला होता.

मला तेव्हाच सांगता आलं असतं, की सात नंबर मी लिहिला. त्यांना ते माहीत होतं. अच्युतजींनी मला काय सांगितलं, ते मात्र त्यांना माहीत नव्हतं. मी सदरा धरून राहिले.

आमच्या मिलची झांकी गेली तेव्हा आम्ही एका गल्लीच्या तोंडाशी अडकलो होतो. माणसांच्या डोक्यांवरून दिव्यांचा उजेड सरकताना दिसला. हत्ती दिसला नाही.

मार्गशीर्षात सरलाकाकूंचं पत्र आलं. दुसऱ्या कोणाकडून तरी लिहून घेतलेलं. "त्या दिवशी ह्यांना गर्दीत धाप लागली म्हणून आम्ही स्टेशनवर जाऊन बसलो. हत्ती पाहायचा राहिला. दिवाळीनंतर आठव्या दिवशी हे गेले. भावजींना सांगा, मनात काही ठेवू नये. बोर्डाच्या अक्षराची आठवण काढत होते."

बाबांनी पत्र वाचलं आणि कपाटातल्या नोकरीच्या कागदांत ठेवलं.

त्यांनी सात नंबर रजिस्टरात आधीच का लिहिला नाही, ह्याचा मी पुष्कळ विचार केला आहे. आगाऊ पैसे घेतल्याशिवाय नाव लिहायचं नाही, हा त्यांनीच घातलेला नियम होता, आणि पगार पहिल्या तारखेला व्हायचा. तोवर कोरी जागा मनात धरून ठेवायची, इतकीच ती बेकायदा गोष्ट. ती त्यांनी मला सांगितली नाही, कारण सांगायची लाज वाटली असेल. दुसरं पत्र टाकून चिंतामणकाकांना येऊ नकोस असं त्यांनी का कळवलं नाही, तेही मला कळतं. ज्या हाताने तीनशे घरांची बंदची नोटीस लिहिली, त्याला आणखी एक लिहिणं जमलं नसेल.

बाबा जाऊन चार महिने झाले. शेवटच्या आठवड्यात हॉस्पिटलच्या फॉर्मवर सही करताना त्यांनी पलंगावरही पट्टी मागितली. मी दिली. एवढा वेळ हातात असताना मी सात नंबरचं बोलले नाही. ते लॉज आता हॉटेल आहे, काचेचं दार आहे, आणि भाव भिंतीवर नाही तर स्क्रीनवर आहे. चौदसीचा काय, असं मी परवा विचारलं. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मॅम, वो तो हर घंटे चेंज होता है." ती बरोबर सांगत होती. लिहिलेलं होतं, सगळ्यांना सारखं होतं.

पण मला शहाण्णवची चौदस आठवते.

त्या वर्षी अच्युतजींनी काही सांगायच्या आधीच, बावीस दिवस बाकी असताना, बाबांनी बोर्ड उतरवून लिहायला घेतला. भाव त्यांनी अच्युतजींना विचारून लिहिला, तीनशे. त्याखाली त्यांनी आणखी एक ओळ लिहिली, वरच्या ओळींच्याच मापाची. चौदसीच्या दिवशी समोरच्या प्रत्येक बाल्कनीत एक खुर्ची मिल कामगारासाठी राखीव राहील, शुल्क नाही.

अच्युतजी तिसऱ्या दिवशी बोर्डासमोर थांबले.

"तात्याराव, हे काय?"

"नोटीस."

"मी कुठे सांगितली?"

"पुसायची असेल तर पुसा. तुमचं लॉज आहे." बाबा रकाने आखत होते. "ठेवायची असेल तर एकवीस दिवस होतायत. ज्याला खोली घ्यायची तो वाचून घेईल."

अच्युतजींनी ती ओळ पुन्हा वाचली. खिशातला रुमाल काढून त्यांनी बोर्डाच्या कडेची धूळ पुसली, अक्षरांना हात न लावता, आणि गल्ल्यावर जाऊन बसले.

चौदसीला तिन्ही खोल्या भरल्या होत्या. कोणी भांडलं नाही. तीन बाल्कन्यांत तीन खुर्च्या ठेवल्या. पाच आणि सहामध्ये मिलचे दोन म्हातारे येऊन बसले, त्यांना भजी मिळाली. सात नंबरमध्ये बाबांनी काउंटरमागची स्वतःची खुर्ची ठेवली होती. खोलीतल्या एका लहान मुलीने तिच्यावर चढायला पाहिलं, तेव्हा ते म्हणाले, "वो किसी की है, बेटा," आणि तिला दिसावं म्हणून कठड्याजवळ उचलून धरलं.

दिवे लागले. आमच्या मिलची झांकी लॉजसमोर आली. हत्तीची सोंड अर्ध्यावर येऊन थांबली होती, खालची पोरं बांबूने ढोसत होती, आणि सोंड बहुधा मिलपासून तशीच थांबलेली असावी, कारण ढोसतानाही पोरांचं तिकडे लक्ष नव्हतं. मुलगी विचारत होती, हाथी माला क्यों नहीं डाल रहा. बाबांनी तिला खाली ठेवलं. दोन बोटं तोंडाजवळ नेली. त्यांना शिट्टी येत नव्हती.

गाडी पुढे सरकली. बाबा खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले, झांकी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत, आणि मग ती खुर्ची उचलून खाली काउंटरमागे नेऊन ठेवली.